कवड्यांच्या माळेची जागा

पहिल्या पाळीवरून मी घरी येतो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलेलं असतं. त्या उन्हात हॉलच्या भिंतीवर रुपयाएवढा एक उंचवटा दिसतो. एरवी दिसत नाही. तिथे पूर्वी खिळा होता. रंगाऱ्याने पुट्टी भरून घासून घेतलं, वर फिकट क्रीम रंग दिला. रंग मीच निवडला होता.

बायको मुलीकडे पुण्याला आहे. मुलीची बाळंतपणाची रजा संपली, बाळाला कोणाकडे ठेवायचं म्हणून ही महिनाभरासाठी गेली. तो महिना उलटून बरेच महिने झाले. मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. डबा लावलाय. भांडी एकट्याची असल्याने ओट्यावर काही साचत नाही. सोफ्यावरचं कव्हर सुरकुतत नाही. घर कसं असावं असं मी जे म्हणत होतो, तसंच ते आता आहे.

त्या खिळ्याला कवड्यांची माळ होती. बैलाच्या गळ्यातली. काळ्या सुतात गुंफलेल्या कवड्या, मध्ये लाल लोकरीचे गोंडे, खाली एक पितळी घुंगरू. सासरे, म्हणजे तिचे आप्पा, शेवगावकडचे. एका कोरड्या वर्षी त्यांनी बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली. तिच्या माहेरी जनावर विकलं तरी गळ्यातला साज देत नाहीत, काढून घरी आणतात. ती माळ त्यांनी लेकीला दिली. आम्ही नागापूरला कंपनीजवळ फ्लॅट घेतला तेव्हा सामान लावायच्या आधी तिने ती माळ लावली. दारासमोरच्या भिंतीवर, आत येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसेल अशी. मग त्या माळेच्या अंदाजाने बाकीचं घर मांडलं. जुन्या साड्यांच्या काठांचं तोरण, कोपऱ्यात तांब्याच्या हंड्यात ज्वारीच्या कणसांचा जुडगा, दिवाणावर तिने शिवलेली वाकळ. काहीही विकत आणलेलं नव्हतं, आणि सगळं एकमेकांना शोभत होतं. हे मला तेव्हा दिसत होतं की नाही, आठवत नाही. आता दिसतं म्हणून तेव्हाही दिसत होतं असं म्हणणं खोटं होईल.

मला बढती मिळाली तेव्हा आमचे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. दारातच थांबून त्यांनी माळेकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! आणि बैल कुठे बांधलाय?"

ते थट्टेनेच म्हणाले. वाईट माणूस नव्हता. पण सगळ्यांत आधी मी हसलो. ही पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. मी हसत तिच्याकडे बोट केलं आणि म्हणालो, या बाईंना विचारा, त्यांना अजून गोठ्यातून बाहेर यायचं नाही. साहेबांच्या बायकोने विषय बदलला. जेवण छान झालं.

त्या वर्षी पोळ्याला गावी गेलो तर भावाने बैल कधीच काढून टाकलेले. आता तिकडे पोळ्याला ट्रॅक्टर सजवतात. भाऊ म्हणाला, साज काही उरला नाही. मी पुढच्या फेरीत ती माळ नेऊन त्याला दिली. तिला विचारलं नाही. दुसऱ्या पोळ्याला ती ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बांधली, मिरवणुकीत सूत तुटलं, आणि कवड्या रस्त्यात कुठे गेल्या ते कोणी पाहिलं नाही. भावाला वाईट वाटलं. मी त्याला म्हणालो, जाऊ दे, जुनीच होती.

कवड्या गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली. भांडली असती तर मला बरं पडलं असतं.

मग हळूहळू तोरण धुवायला काढलं ते परत लागलं नाही. कणसं जुनी झाली, नवी आली नाहीत. वाकळ माळ्यावर गेली. मी समजलो, तिला शहाणपण आलं. भिंतींना क्रीम रंग लावून घेतला, टीव्हीखाली लॅमिनेटचं युनिट बसवलं. रंगाऱ्याने खिळा उपटला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, आणि बाहेर आली नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर नातू दाखवत होती. तिच्या मागे मुलीच्या घराचं दार होतं आणि दाराला तोरण होतं. काठांचं. बाजूच्या भिंतीवर ज्वारीची कणसं. मोबाईल हलला तेव्हा नातवाच्या अंगाखाली रंगीत ठिगळांचं नवं दुपटं दिसलं.  फोन ठेवल्यावर कळलं की ती तिथे राहायला लागली आहे. इथे तर माझ्याशेजारी असूनही ती कित्येक वर्षं नुसती मुक्कामाला होती.

शुक्रवारी रजा टाकून मी घोडेगावला गेलो. साजाच्या दुकानात माळा टांगलेल्या होत्या. दुकानदाराने मान किती ते विचारलं. मी म्हणालो, बैल नाही, घरात लावायचीय.

"घराला?" तो शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "मंग घराची मान मोजून आनायची की, पाव्हणं."

दोघे हसले. या वेळी मला हसू आलं नाही. बाजूला होऊन मी तिला फोन लावला आणि विचारलं, ती माळ लांबीला किती होती.

पलीकडे बाळाचा आवाज येत होता.

"उजव्या बैलाची होती ती," ती म्हणाली. "त्याची मान मोठी हुती. आप्पांनी ववली होती बसून. तुम्ही कुठंयत?"

मी सांगितलं.

"नवी घेऊ नका."

मी म्हणालो, मग काय करू. आणि मग जे इतकी वर्षं म्हणायचं होतं तेही म्हणालो, साहेबांसमोर हसलो ते, न विचारता माळ दिली ते. माझ्या मागे बाजारात गाई हंबरत होत्या, तिला किती ऐकू गेलं कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "खिळा तेवढा मारून ठेवा. उंच मारू नका, माझा हात पोचला पायजे."

येईन म्हणाली नाही. कधी, तेही नाही.

घरी आलो. उंचवटा दिसेल इतकं ऊन अजून होतं. त्यावरच खिळा ठेवून ठोकला, तशी पुट्टी भुगा होऊन टीव्हीखालच्या युनिटवर पडली. ती मी अजून पुसलेली नाही.