त्याच्या उजव्या हाताबद्दल

त्याच्या उजव्या हाताचा मला मत्सर वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं त्याला दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

मी अमरावतीचा. बॉक्सिंगसाठी अकोल्यात खोली करून राहायचो, आमचे सर तिथं शिकवत म्हणून. त्यांच्याकडं सगळ्यात जड वजनाच्या गटात सात वर्षं मी एकटाच होतो. बारकी पोरं बॅगेभोवती जमायची ती माझा ठोसा ऐकायला. तो वाजायचाच तसा. समोरच्या चहावाल्याला आत न डोकावता कळायचं, मी आलोय म्हणून. अडचण एवढीच होती की त्या ठोशानं कुणी पडायचं नाही. स्पर्धांत मी गुणांवर जिंकायचो, आणि हरलेला माणूस घाम पुसून, माझ्याशी हात मिळवून, शिट्टी वाजवत घरी जायचा.

मग अकोटहून हा आला. घरची फळबाग-भाजीपाल्याची शेती, रोज एसटीनं ये-जा. वजन माझ्याएवढंच, पण दंड माझ्याहून बारीक आणि उभं राहणं अगदी गबाळं. पहिल्याच आठवड्यात सरांनी आमची जोडी लावली. त्याचा उजवा हात कुठून आला ते मला दिसलंच नाही. पोत्यावर पोतं पडावं तसा दबका आवाज झाला आणि मी गुडघ्यावर आलो होतो. त्यानं वाकून विचारलं, फार लागलं काय. मी नाही म्हणालो. दोन दिवस मला धड हसता येत नव्हतं. तसं हसण्यासारखं काही राहिलंही नव्हतं, कारण पोरं आता त्याच्या बॅगेजवळ जमायला लागली होती.

मी इरेला पेटलो. जास्तीची वजनं उचलली, अंडी वाढवली, सकाळ-संध्याकाळ भिजवलेले चणे खाल्ले. दंड फुगला, आवाज दुप्पट झाला, पडलं कुणीच नाही. सर म्हणायचे, ताकद दंडात नसते, टाचेत असते. हे ते सात वर्षं म्हणत होते आणि मी सात वर्षं मान डोलावत होतो. तो मात्र मान डोलावायचाही नाही, नुसता ठोसा मारायचा. देव देतो ते नेमकं अशांनाच पाहून देतो, याचा मला मनापासून राग यायचा.

उन्हाळ्यात त्यानं मला शेतावर जेवायला बोलावलं. टरबुजांची तोड चालू होती. वाफ्यापासून ट्रकपर्यंत माणसांची रांग, आणि एकानं दुसऱ्याकडं फेकत टरबूज पुढं जायचं. हौसेनं मीही रांगेत उभा राहिलो. पहिली दोन टरबुजं मी गच्च धरायला गेलो आणि दोन्ही निसटून फुटली. त्याचे वडील हसले.

“आवळू नको बापू,” ते म्हणाले. “हात ढिला सोड. जोर टाचेतून येते.”

मी त्यांच्या मुलाकडं पाहिलं. टरबूज हातात येताना त्याचा हात मऊ असायचा. मागची टाच वळायची, कंबर फिरायची, खांदा नुसता मागोमाग यायचा, आणि फळ सुटण्याच्या क्षणाला बोटं घट्ट व्हायची. ठोसासुद्धा तो असाच मारायचा. ढिला हात वेगानं येतो, येण्याची चाहूल देत नाही, आणि लागतो तेव्हा त्याच्यामागं अख्खं शरीर असतं. मी पहिल्यापासून मूठ आवळायचो, म्हणजे ब्रेक दाबून गाडी रेटायचो. माझी सगळी ताकद आवाजात जायची. हा मात्र आठव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात ठोसाच शिकत होता, आणि आपल्याला काय येतं याचा त्याला पत्ता नव्हता.

त्याच्या आईनं भाकरी, भरीत वाढलं, आग्रह करकरून वाढलं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी जेवता जेवता वासा कुठून काढायचा ते ठरवत होतो.

महिनाभरानं राज्य स्पर्धेची निवड होती. आमच्या गटातून एकच जाणार होता, तो किंवा मी. सरांकडं हलक्या वजनाची पोरं ढीगभर, त्यामुळं त्याचा सराव त्यांनी माझ्यावर सोपवला होता. मी जुना, मोठा, विश्वासाचा. मी त्याला सांगितलं की तुझी मूठ ढिली असते, एखाद दिवशी बोटं मोडतील, सुरुवातीपासूनच आवळून ठेव, खांदासुद्धा. तो म्हणाला, सर तर ढिलं सोडा म्हणतात. मी म्हणालो, ते हलक्या पोरांना, जड माणसाचं गणित वेगळं. त्याला ते पटलं.

आठ दिवसांत त्याचा ठोसा वाजायला लागला. तो खूश झाला. त्याच्या ठोशांसमोर पॅड धरून माझे तळवे सुजायचे, ते सुजायचे थांबले. सरांना वाटलं, पोरानं निवडीचं दडपण घेतलंय. मला त्या दिवसांत झोप चांगली लागायची.

निवडीच्या लढतीत पहिल्या दोन फेऱ्या माझ्या होत्या. त्याचा प्रत्येक ठोसा निघायच्या आधी मला खांद्यात दिसायचा. तिसऱ्या फेरीत तो दमला. दोन फेऱ्या मूठ आवळून माणसाचा हात शिशासारखा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचे खांदे पडले, हात लोंबायला लागले. मी संपवायला पुढं गेलो. नंतरचं मला आठवतं ते छत, सरांची तीन बोटं आणि ती किती आहेत हा प्रश्न.

सर निकाल लिहायला गेले तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

“भाऊ, माफ करा,” तो म्हणाला. “तुमी सांगतलं तसं शेवटपर्यंत जमलं नाई. हात ढिला पडला. राज्याले आवळूनच ठेवीन.”

एका वाक्यात सगळं दुरुस्त झालं असतं. वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाहेर पोरं त्याचं नाव घेऊन ओरडत होती, आणि त्याचा तो हात, पट्ट्या अर्धवट सुटलेला, माझ्याच गुडघ्यावर मायेनं ठेवलेला होता.

“हो,” मी म्हणालो. “आवळूनच ठेव.”

राज्याला तो पहिल्याच लढतीत हरला. फोन त्यानं सरांच्या आधी मला केला.

“हरलो भाऊ,” तो म्हणाला. “पण या बारी मूठ शेवटपर्यंत सुटू नाई देली.”

मी त्याला शाबास म्हणालो.