जांभळाच्या जागी करंज

कारगिलच्या युद्धाच्या पावसाळ्यात आमच्या गारगोटीकडच्या गावातले जे जवान सीमेवर होते, त्यांच्या नावाने शाळेने ओढ्याकाठी एकेक जांभूळ लावले. नववीतल्या एकेका मुलीकडे एकेक रोप आले. पाणी घालायचे आणि महिन्याकाठी जवानाला पत्राने झाडाची खबर द्यायची. माझ्या वाट्याला शेजारच्या काकींचा थोरला आला.

माझे अक्षर वळणदार होते, शब्दांची हौस त्याहून मोठी. तांबूस पालवीवर मी पानभर लिही. पाणी घालायचा मात्र कंटाळा. उन्हाळ्यात चंदगडला मावशीकडे गेले आणि काजूच्या बोंडांच्या आंबूस वासात महिनाभर रमले. परतले तेव्हा आळ्यात एक काडी उभी होती. नखाने साल खरवडली. आत हिरवे काही उरले नव्हते.

हाताशी लागले ते करंजाचे रोप उपटून मी तिथे लावले आणि पत्रात लिहिले, ‘आपले जांभूळ आता गुडघ्याला लागले.’

उत्तर काकींच्या घरी आले. त्यांना वाचता येत नसे. मीच वाचून दाखवले. ‘फळ धरलं की पहिलं आईला दे.’ काकींनी तांब्या भरून घेतला. “चल पोरी, बघूया तरी.”

आळ्यापाशी त्यांनी एक पान खुडले, चुरडले, नाकाशी नेले. सारा जन्म रानात गेलेली बाई. तो कडवट, उग्र वास माझ्यापर्यंतही आला.

“जांभूळच न्हवं ह्ये?”

“व्हय की, काकी.”

त्यांनी सावकाश पाणी ओतले. “लिव्हत ऱ्हा. तकडं त्याला बरं वाटतंय.”

दिवाळीत तो रजेवर आला, झाडापाशी उभा राहून हसला. “आई, ह्ये तर करंज हाय की!”

“तू गप. पाणी म्या घातलंय, जांभूळच हाय ते.”

मी मागेच उभी होते. खरे सांगायचे वाक्य मनात घोटून आले होते. ओठांपर्यंत आणले नाही.

पुढे दर मृगाला काकी बाजारातून जांभळे आणत, मूठभर माझ्या ओंजळीत घालत. “घे, तुझ्या झाडाची.” त्या हसत. मी मान खाली घालून खात असे, आणि जिभेचा जांभळा रंग जाईपर्यंत घरात कुणाशी बोलत नसे.