सावंतला दिलेला गूळ

घरात लाडवांसाठी गूळ वितळायला लागला की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

ऐंशी सालाच्या सुमारास अंधेरीच्या एका शेडमध्ये मी फोरमन होतो. माझ्याच गावचा सावंत तिथे जस्त चढवलेले पाइप वेल्ड करायचा आणि पांढरा धूर पत्र्याखाली साचून राहायचा. एका दुपारी तो खोकत म्हणाला, "पंखा बंद पडून महिना झाला रे. मालकाला सांग ना."

मी नेहमीसारखा गुळाचा खडा पुढे केला. "हा खा. धूर छातीत राहत नाही."

त्याने तो तोंडात टाकला. काही वर्षांनी सावंत छातीच्या दुखण्यानेच गेला.

तेव्हा आम्हाला काय कळत होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. पण तो खडा मी दारातच उभा राहून, नाकाला रुमाल लावून दिला होता.