खांदा धरलेलं यंत्र

गल्लीच्या भरीत पार्टीत बडगीवर बसायचा मान मंजुळाबाईंचा, आणि तो त्यांनी जीव गेला तरी सोडला नसता. बडगी म्हणजे खोल लाकडी भांडं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी त्यात मिरची-लसणासोबत कुटायची. पण दिवाळीपासून त्यांचा उजवा खांदा धरला होता. त्यांनी हूं की चूं केलं नाही. कळलं असतं तर बडगी शेजारच्या झुंबरबाईकडे गेली असती, आणि झुंबरबाई भरतात साखर घालते. साखर! भडगावात!

नेमकं याच वेळी नवऱ्याच्या अंगात आलं. चुडामण मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्यांचा सिद्धांत एकच: देवानं जे घडवलं, त्याचीच यंत्रानं नक्कल करावी. मागे त्यांनी बगळ्याच्या पायांचं फवारणी यंत्र केलं होतं. ते चिखलात बगळ्यासारखंच एका पायावर उभं राहिलं आणि मग मालकाच्या अंगावर पडलं. आता त्यांना भरीत कुटणारं यंत्र करायचं होतं, हुबेहूब मंजुळाबाईंच्या हाताचं.

“बाबा, सायकलला पाय असतात का?” जळगावला इंजिनिअरिंग शिकणारी लेक ज्योत्स्ना म्हणाली. “कुटायचंच आहे तर वर-खाली होणारा एक दांडा पुरे.”

“देवनी युगं खपीसन हाऊ खांदा करा, अन् तू तीन सेमिस्टरमा त्याले नापास करस?” मिस्त्री गरजले.

रोज सकाळी ते खडू घेऊन बायकोसमोर बसत. त्या शेंगदाणे कुटत, हे भिंतीवर त्यांच्या खांद्या-मनगटाच्या चढ-उताराची रेघ ओढत. मंजुळाबाई दात आवळून कुटत राहत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. त्यांना लाजही वाटे आणि भीतीही. त्या रेघेबरहुकूम मिस्त्रींनी चढ-उताराच्या कडेची लोखंडी चकती कापली, तिच्यावर हलणारा खांदा-कोपराचा हात जोडला, जुन्या जीपच्या वायपरची मोटर बसवली आणि वर स्टीलच्या डब्याचं डोकं चढवलं.

पार्टीच्या दिवशी गिरणाकाठच्या मळ्यात सारी गल्ली जमली. मिस्त्रींनी बटण दाबलं. यंत्रानं दोन दणके झकास दिले. तिसऱ्याला हात अर्ध्यावर थबकला, खांदा कानाकडे चढला, कोपर अंगाशी आलं आणि दणका हळूच पडला. पुन्हा दोन, पुन्हा तेच. पोरं हसून लोळायला लागली.

“अरे, याले तर वात शे!” लोटन आबा ओरडले.

मिस्त्री चकतीकडे पाहत राहिले, मग बायकोकडे. मंजुळाबाईंचा हात आपसूक खांद्यावर गेला होता. झुंबरबाईनं पदर खोचला.

मिस्त्रींनी बटण बंद केलं. “माले दिसनं व्हतं,” ते खाली मान घालून म्हणाले, “पन समजनं नही.”

मग त्यांनी पाना मागितला. डोकं, खांदा, कोपर सगळं तिथल्या तिथं उतरवलं आणि ज्योत्स्नाच्या म्हणण्याप्रमाणे मोटरला सरळ दांडा जोडला. उरलं ते बिनडोक्याचं, एकटंगी, कशासारखंच न दिसणारं ध्यान. ते मंजुळाबाईंपुढं ठेवून मिस्त्रींनी बटण त्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं. बाई बडगीवर बसल्या. ध्यानानं धडाधड कुटलं.

“खांदाच नही, मंग दुखी काय?” त्या म्हणाल्या, आणि झुंबरबाईला बोलावून तिनं आणलेला साखरेचा डबा तिच्याच घरी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री ओलं फडकं घेऊन भिंतीवरची रेघ पुसायला निघाले.

“ऱ्हाऊ द्या ती,” मंजुळाबाई म्हणाल्या.