चंदेरी मढं आणि दहाव्याचा कावळा

मामांच्या दहाव्याला मी चंदेरी रंगात गेलो होतो.

हौसेनं नव्हे; रंग निघाला नाही म्हणून. आणि तो अंगावर चढला कसा, हे सांगताना आजही मान खाली जाते.

छावणीतल्या झुंबाच्या क्लासात (वजन उतरवायला गेलो होतो, वजन तसंच आहे, लाज तेवढी उतरली) मला कॅरिबियन गाण्यांचं वेड लागलं. सोका म्हणून तिकडचा एक प्रकार आहे. ढोल सुरू झाला की कंबर आपल्याला न विचारता हलते! त्यातच वाचलं, की झोंबी मूळचे तिकडचेच, हैती बेटावरचे. मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवतो आणि उसाच्या फडात राबवतो. मढ्याच्या तोंडात मीठ पडलं की ते भानावर येतं आणि आपलं आपण परत खड्ड्यात जाऊन झोपतं. झालं! कॉलनीच्या गॅदरिंगला सोकावर झोंबी नाचवायचे आणि जोडीला आपले वेताळ, हडळ, मुंजा, असं मी जाहीर करून टाकलं. (मुंजा मिळेना. कॉलनीत सगळ्यांचीच लग्नं झालेली.)

ही कल्पना मी सर्वांत आधी मामांना सांगितली. त्यांचा जन्म कन्नडला साखर कारखान्यात कारकुनी करण्यात गेलेला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेल्यावर बी ऊस तोडायला लावतेत? मंग मरून फायदा काय रं, दिलीप?"

आणि खोकला येईपर्यंत हसले. त्यानंतर आठवड्याभरात मामा गेले.

गॅदरिंग नेमकं दहाव्याच्या आदल्या दिवशी आलं. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी बायकोला शास्त्र शिकवलं. "भाच्याला सुतक तीनच दिवसांचं असतं."

"मग मामींना फोन करून सांगा, की उद्या मी नाचतोय," वंदना म्हणाली.

ती हिंमत नव्हती. म्हणून सांगितलं नाही आणि नाचलो. मढ्याची कळा यावी म्हणून रंगपंचमीला पोरं फासतात तो चंदेरी रंग तोंडाला, मानेला, हातांना चोपडला. डबीवर 'पक्का' असं छापलं होतं. कंपन्या एरवी इतकं खोटं बोलतात, ही एक खरी निघाली! सकाळी खोबरेल झालं, बेसन झालं. शेवटी भांड्यांची पावडर लावली, तर मी जास्तच चमकायला लागलो.

पैठणला घाटावर पोचलो तेव्हा मामांचा मुलगा संजू मुंडण करून बसला होता. गुरुजींनी मला पाहिलं आणि मंत्र थांबवला. मामी धावत आल्या.

"आगं बया! हे काय झालं रं तुला?"

"ॲलर्जी आहे, मामी."

"चंदेरी?" संजूनं विचारलं.

मामींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "दवाखान्यात दाखिव बाबा. अंगावर काढू नगं. ह्यांनी बी असंच अंगावर काढलं." दहा दिवस रडून त्यांचे डोळे सुजले होते, आणि त्या माझी काळजी करत होत्या! गोदावरी चार पायऱ्यांवर होती. उडी मारावीशी वाटली.

पिंड ठेवले. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला, तास गेला. संजू पिंडासमोर हात जोडून वडिलांना म्हणाला, "दादा, शेत विकत नाय मी." कावळे ढिम्म. "आईला अंतर देत नाय." ढिम्म! गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का?"

"नाय!" मामी म्हणाल्या. "ह्यांच्या मनात काय तरी ऱ्हायलंय. खरा कावळा शिवल्याबगर मी हितून उठायची नाय." सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता.

तेवढ्यात एक कावळा खाली उतरला. एक उडी. दुसरी उडी. चोच पिंडापासून वीतभर! मी भक्तिभावानं खाली वाकलो. खिशातल्या फोनचं कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे. कालचा स्पीकर वंदनानं घाईत तांब्या-पळीच्या पिशवीत कोंबला होता, आणि ती पिशवी पिंडाशेजारीच होती. ढोल कडाडले! आणि त्यावर, नाचासाठी मांत्रिक म्हणून आधीच रेकॉर्ड केलेला, माझाच आवाज घुमला:

"ऊठ रे मेल्या! किती झोपशील? ऊठ, आणि कंबर हलव!"

कावळा उडाला. आमचाच नव्हे, अख्ख्या घाटावरचे उडाले! शेजारी दुसऱ्या कुटुंबाचं दहावं होतं, त्यांच्यातले एक आजोबा दचकून खरोखरच उठून उभे राहिले. मी फोन तोंडासमोर धरला. फोननं माझं तोंड ओळखलं नाही. बोट लावलं. बोटही ओळखलं नाही! "हलव! हलव!" मी ओरडत होतो, म्हणजे पिशवीतला मी. शेवटी वंदनानं पिशवी उलटी करून स्पीकर बंद केला.



"ह्यो आवाज तुझा हाय का?" मामींनी विचारलं.

"हो मामी. ॲलर्जी नाही, रंग आहे. काल मी नाचलो. तुम्ही इकडं रडत होता आणि मी..." पन्नाशीचा माणूस मी, सगळ्या नातेवाइकांसमोर हमसून हमसून रडलो.

मामींनी पिंडाकडं हात केला. "मला नगं सांगू. त्यांना सांग."

मी चंदेरी हात जोडले. "मामा, चुकलो. पुन्हा जन्मात नाचणार ना..."

वाक्य पुरं व्हायच्या आत पिंडावर फडफड झाली. शिवला!

"ह्येच व्हतं!" मामी एकदम रडत रडत हसायला लागल्या. "ह्येच ऱ्हायलं व्हतं बगा त्यांच्या मनात!"

पोटच्या पोरानं शेत राखायचा शब्द दिला, तेव्हा एक कावळा हलला नव्हता. मी नाच सोडतो म्हटल्यावर सात आले. एकानं पिंड उचलला. बाकीचे सहा, मला वाटतं, साक्षीला आले होते.