पायात सोडलेला हिरवा रंग

दुखणं ओटीपोटात आणि सुई पायाच्या बोटांत! ऐकलं तेव्हाच मी ताडलं, काहीतरी काळंबेरं आहे.

परळच्या इस्पितळात माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनबाई माझ्या मुलीहून लहान. म्हणाल्या, "काका, प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या काही गाठीही काढायच्यात, कारण कॅन्सर तिथे पसरतो. पण पायातलं पाणी वर नेणाऱ्या गाठीही तिथेच असतात. त्या चांगल्या गाठी गेल्या तर पाय सुजू शकतो. म्हणून पायात हिरवा रंग सोडायचा. तो आतल्या आत वर चढतो, खास कॅमेऱ्यात चमकतो. चमकेल ते शक्यतो वाचवायचं."

"शक्यतो म्हणजे?"

"म्हणजे शक्यतो. हमी नाही देत."

मला रंग शिकवत होत्या! लालबागच्या गिरणीत रंगखात्यात मी ती बंद पडेपर्यंत होतो. माझा घाम सोमवारी निळा, मंगळवारी किरमिजी. एका कावळ्याने माझ्या डब्यातली भाकरी पळवली, तर आठवडाभर मोरपंखी होऊन हिंडत होता. रंग सांगितल्या जागी राहत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

आणि प्रश्न पायाचा होता. मी रत्नागिरीकडचा. गणपतीत आमच्या चाळीत बाल्या नाच होतो, आणि मिसरूड फुटल्यापासून मी उजव्या पायात घुंगरांचा पट्टा बांधून नाचतोय. माझा पहिला ठेका पडला की कॉटन ग्रीनच्या गोदामांवरची कबुतरं उडतात. नायगावचा माझा दोस्त आमचा ढोलकीवाला. त्याचं हेच ऑपरेशन आधी झालेलं, या रंगाशिवाय, आणि पाय केळीच्या खुंटाएवढा झालेला. तो म्हणाला, "लेका, आत काय चमकलं ते तुला बेशुद्धीत दिसणाराय का? सांगतील ते ऐकायचं!"

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच मी लघवीची पिशवी पाहिली. पिवळी! मग हिरवा गेला कुठे? पायाच्या बोटांच्या बेचक्यात मात्र हिरवट डाग. म्हटलं, वरून फासून बनवलं आपल्याला. आमच्या खात्यातली परीक्षा साधी असे. पांढरा कपडा ओला करून मालावर घासायचा, कपडा रंगला की माल कच्चा. मला वाकता येईना, म्हणून बायकोला कामाला लावलं.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. जोरात घास."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको गहिवरून म्हणाली, "नवऱ्याचे पाय कशी पुसतेय, बघा! नाहीतर आमच्या सुना."

रुमाल पांढराच राहिला. तेवढ्यात सर्जनबाई आल्या. मी उलटतपासणी सुरू केली. त्या हसल्या. "हा रंग लघवीतून जात नाही, काका. पित्तातून जातो." मग मोबाइलवर चित्रफीत दाखवली. काळ्या पडद्यावर सुताच्या लडीसारखे हिरवे दोरे, मधे चमकते मणी.

"ही ठेवली. ही ठेवली. ही चमकत होती, तरी काढली."

"का? पायाची होती ना?"

"मला तिचा संशय आला."

माझ्याहून संशयी माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं. नंतर रिपोर्ट आला. त्याच गाठीत कॅन्सर निघाला.

आता एक कमी गाठ घेऊन पाय टिकेल का? मी रोज पोटरीला सुतळी गुंडाळून मापायचो. बायको म्हणायची, "सुतळी झिजेल, पाय नाही सुजायचा." एकदा माप बोटभर वाढलं तेव्हा मी मृत्युपत्र करायला निघालो होतो. भिजून सुतळीच आटली होती.

गणपती आले. पट्टा जुन्याच भोकात बसला. ढोलकीवाला सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. थाप मारायची सोडून त्याने आधी माझी पोटरी दाबून पाहिली, बोटाचा खड्डा पडतो का ते.

"डावी दाखव," तो म्हणाला.

मी दाखवली. तीही त्याने दाबली, उजवी पुन्हा दाबली, आणि मगच ढोलकी मांडीवर ओढली.