पाच पैशांचं शून्य

मस्कतला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला पहिलटकरणीचा सातवा महिना लागला होता आणि इकडे विक्रोळीत आईने तिला फोन करणं बंद केलं होतं.

कारण बिल. तिकडे इंटरनेटवरून फोन लागत नाहीत, म्हणून मी आईच्या नंबरावर परदेशी कॉलची स्कीम घेतली होती, सेकंदाला पाच पैसे. आई रोज दुपारी जेवणं उरकली की फोन घेऊन बसायची. पाय सुजलेत का, नाचणीची पेज घेतेस का, डाव्या कुशीवर झोप. मग पहिलं बिल आलं, दहापट. आईने ते पाहिलं, चष्मा काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागली, "रोज रोज काय बोलूचा? सगळा बरा आसा तिचा." बहिणीला यातलं काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद. तिकडे शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे बहिणीचाच फोन यायचा, तेव्हाही आई "बरी आसंय, ठेवतंय" म्हणून आवरतं घ्यायची.

मी कस्टमर केअरला फोन लावला. भांडायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू!

"मॅडम, तुमचा रेट झिरो पॉइंट पाच रुपये आहे. म्हणजे पाच पैसेच ना," तिकडचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला.

"झिरो पॉइंट पाच म्हणजे पन्नास पैसे. पाच पैसे म्हणजे पॉइंट शून्य पाच. तुमचं एक शून्य गळलंय."

"पण मॅडम, शून्याला काय व्हॅल्यू नसते ना."

"बरं. साडेपाच रुपये कसे लिहिता?"

"पाच पॉइंट पाच."

"त्यातले पॉइंट पाच म्हणजे किती पैसे?"

"पन्नास."

"मग इथे पाच कसे रे बाबा?"

"तिथे पुढे पाच रुपये आहेत ना, मॅडम. इथे झिरो आहे."

मी कपाळावर हात मारला. त्याच्या वरच्या बाईंनीही मला हेच ऐकवलं, फक्त इंग्रजीत. त्या पोराला तरी काय बोलणार? पाच पैशांचं नाणं त्याने जन्मात पाहिलं नसणार. शेवटी लेखी तक्रार केली, पुन्हा पुन्हा फोन करून त्यांचं डोकं खाल्लं, आणि बऱ्याच आठवड्यांनी मेसेज आला की जादा रक्कम वजा केली आहे. बहिणीला एव्हाना नववा लागला होता.

मी जाम खुशीत आईला मेसेज वाचून दाखवला. म्हटलं, "आता लाव फोन. मनसोक्त बोल." तिने लगेच लावला, मी स्पीकर चालू केला. मंगळवारची दुपार होती. बहिणीने झटकन उचलला.

"आई? काय झालं? कोण गेलं?"

"कोण नाय गो बाय. असोच केलंय," आई म्हणाली, आणि पुढे काय बोलायचं ते तिला सुचेना.

इतके दिवस मी नुसती भांडत होते. राग मला तेव्हा आला.